ग्वामला ‘केंद्रशासित’ म्हणावं का?

ग्वामचा उल्लेख ‘अमेरिकेचा केंद्रशासित प्रदेश’ असा वाचनात आला. हे बरोबर, की सरळ ‘वसाहत’ म्हणावं, असा प्रश्न आहे. माझ्या मते ‘केंद्रशासित’ चूक आणि ‘वसाहत’ निम्मं बरोबर.

ग्वाम हे पश्चिम प्रशांत महासागरातल्या मेरियाना साखळीतलं सगळ्यात मोठं बेट. मोठं म्हणजे जेमतेम ५४० चौरस किलोमीटर, मुंबईपेक्षाही लहान. १८९८च्या युद्धानंतर अमेरिकेनं ते स्पेनकडून घेतलं. मूळच्या चामोरो लोकांना नागरिकत्व मिळायला १९५० साल उजाडलं.

आता ‘केंद्रशासित’ घ्या. आपल्या दमण-दीवचा खासदार लोकसभेत मत देतो, राष्ट्रपतीच्या निवडणुकीतही देतो. ग्वामचा प्रतिनिधी वॉशिंग्टनच्या सभागृहात बसतो, बोलतो, पण विधेयकावरच्या अंतिम मतदानात त्याला मत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची तर गंमतच आहे. मतदानाच्या दिवशी ग्वाममध्येही त्या उमेदवारांची नावं छापलेली असतात, लोक खूण करतात, मोजणी होते. निकालात मात्र ती मतं धरत नाहीत. तोच माणूस हवाईत राहायला गेला की त्याचं मत चालतं! उलट गव्हर्नर १९७० पासून ग्वामचे लोक स्वतः निवडतात. म्हणजे रोजचा कारभार केंद्राचा नाही आणि केंद्रात यांना मत नाही. शब्दाची दोन्ही टोकं सुटली.

‘मांडलिक’ही नको, मांडलिकाला स्वतःची गादी असते.

‘वसाहत’ म्हटलं की आपल्याला पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहतही आठवते, पण ती अडचण किरकोळ. संयुक्त राष्ट्रांच्या ‘स्वशासन नसलेल्या’ १७ प्रदेशांच्या यादीत ग्वाम आहे, त्यामुळे टीका म्हणून हा शब्द चालेल. अमेरिका तो वापरत नाही, याला मी फार किंमत देत नाही. पोर्तुगालनं १९५१ साली घटनेत दुरुस्ती करून गोव्याला वसाहतीऐवजी ‘सागरापलीकडचा प्रांत’ ठरवलं होतंच की. पाटी बदलली, राज्य तेच राहिलं.

अमेरिकी कायद्यातला दर्जा ‘असमाविष्ट प्रदेश’ असा: देशाच्या मालकीचा, पण देशात न धरलेला. १९०१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पोर्तो रिकोच्या खटल्यात एका न्यायमूर्तींनी अशा बेटाला ‘घरगुती अर्थानं परकं’ म्हटलं होतं. मराठीत आपण त्याला घरातला परका म्हणू. कायद्याविषयी लिहिताना ‘असमाविष्ट’ वापरावं आणि पुढे एका वाक्यात फोड करावी.

बातमीत मात्र मी ‘अमेरिकेच्या अमलाखालचं बेट’ असं लिहीन. ‘अंमल’ या शब्दात सत्ता कुणाची ते कळतं, आणि त्या सत्तेत तिथल्या माणसाला वाटा आहे असा भास होत नाही. आणि हो, मी ‘अमलाखाली’ बिनअनुस्वाराचं लिहितो, ‘अमलात’ लिहितो तसंच.