वोकिंगची कौन्सिल जाणार म्हणजे नेमकं काय होणार? (नॉर्थॅम्प्टनहून उत्तर)

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: इंग्लंडच्या सरे काउंटीतली तुमची वोकिंग बरो कौन्सिल बंद झाल्यावर कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर, कुणाला भरायचा, मुलीच्या शाळाप्रवेशाचं काय, आणि जुन्या कौन्सिलचं कर्ज आपल्या डोक्यावर बसणार का. आमच्या नॉर्थॅम्प्टनमध्ये हे सगळं 2021 साली होऊन गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर काउंटी म्हणजे जिल्हा परिषद आणि तिच्या खालची बरो किंवा डिस्ट्रिक्ट म्हणजे साधारण पंचायत समिती-नगरपालिका. शाळा, रस्ते, वाचनालयं, म्हाताऱ्या माणसांची देखभाल काउंटीकडे. कचरा उचलणं, बांधकामाची परवानगी, कौन्सिलची घरं बरोकडे. त्यातही गुंता आहे: दारातला कचरा बरो उचलते, त्याची विल्हेवाट काउंटी लावते. टॅक्सचं बिल बरो पाठवते, पण त्यातला मोठा वाटा काउंटीला जातो. सरेमध्ये अशा 11 आणि वर एक काउंटी, म्हणजे 12 कौन्सिल आहेत. 1 एप्रिल 2027 ला बाराच्या बारा बरखास्त होऊन ईस्ट सरे आणि वेस्ट सरे या दोनच राहायच्या आहेत. वोकिंग वेस्टमध्ये जातं, गिल्डफर्डच्या जोडीने.

शाळेची काळजी सोडा. प्रवेशाचं काम काउंटीकडून नव्या कौन्सिलकडे जातं आणि केलेला अर्ज, मिळालेली जागा कायद्याने तशीच पुढे चालते. टॅक्सचंही तेच, नव्या वर्षाचं बिल नव्या नावाने येतं. आमच्याकडे 1 एप्रिल 2021 ला गुरुवार होता. सकाळी खिडकीतून पाहिलं तर कचऱ्याची तीच गाडी, तीच माणसं. बिलावर मात्र काउंटी आणि बरो अशा दोन ओळींच्या जागी वेस्ट नॉर्थॅम्प्टनशर ही एकच ओळ होती. पोलीस आणि अग्निशमनाच्या ओळी होत्या तशाच.

रक्कम लगेच कमी होईल असं मात्र समजू नका. एकत्र आलेल्या प्रत्येक डिस्ट्रिक्टचा दर वेगळा असतो, तो काही वर्षांत एका पातळीवर आणावा लागतो. ज्यांचा दर आधी कमी होता त्यांची वाढ जास्त दिसते.

आता कर्ज. जुन्या कौन्सिलची मालमत्ता, करार, देणी सगळं वारसाने नव्या कौन्सिलकडे जातं. वोकिंगने जून 2023 मध्ये कलम 114 ची नोटीस काढली, म्हणजे खर्च भागवायला पैसा नाही हे अधिकृतपणे सांगितलं. कर्ज जवळपास 2 अब्ज पौंडांचं आहे. त्यातले 50 कोटी पौंड फेडायची तयारी सरकारने दाखवली आहे, उरलेलं तसंच राहतं. तेव्हा हो, बोजा येणार, आणि तो ज्यांनी ते कर्ज काढलंच नाही अशा शेजारच्या गावांवरही वाटला जाणार. मला हे अन्यायाचं वाटतं.

आमच्याकडे उलटं होतं, बुडाली ती वरची काउंटी. 2017 मध्ये 5.3 कोटी पौंडांची नवी इमारत उघडली आणि फेब्रुवारी 2018 मध्ये 114 ची नोटीस. मग ती इमारतच विकून भाड्याने घेतली. काउंटी आणि सात डिस्ट्रिक्ट अशा आठ कौन्सिल जाऊन दोन झाल्या. विलीनीकरणाने पैसा वाचतो असं तेव्हाही सांगितलं गेलं. दुहेरी कार्यालयांचा काही खर्च वाचतो हे खरं, पण तिजोरी खाते ती मुलांची आणि वृद्धांची देखभाल, आणि कौन्सिल एक केली म्हणून आजी-आजोबा कमी होत नाहीत.

खरं नुकसान होतं ते जवळिकीचं. आपल्या गल्लीतला दिवा, मैदान, बाग याबद्दल ज्याला हटकता येईल असा माणूस लांब जातो. माझं माहेर पुण्याजवळचं. 2021 मध्ये तिथली 23 गावं महापालिकेत गेली आणि ग्रामपंचायती संपल्या. मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली आणि मग जानेवारी 2026 पर्यंत निवडणूकच झाली नाही. तोवर सरपंचही नव्हता आणि नगरसेवकही नव्हता, टँकरसाठी जायचं कुणाकडे? इंग्लंडमध्ये तसं व्हायलाच हवं असं नाही. इथे कौन्सिल एक झाल्या तरी पॅरिश कौन्सिल, म्हणजे इथली ग्रामपंचायत, टिकून राहते. ज्या शहरात ती नसते तिथे नवी काढता येते. नॉर्थॅम्प्टनला टाउन कौन्सिल झाली ती याच फेरबदलात. तिच्याकडे अधिकार थोडे, पण महापौरपद आणि शहराचे कार्यक्रम तिथे राहिले. बिलात तिची वेगळी ओळ येते, ती मी आनंदाने भरते.

वोकिंग शहरात तुम्ही हेच मागा. मोठ्या भागातल्या 7.5 टक्के मतदारांनी अर्जावर सह्या केल्या की कौन्सिलला त्याचा आढावा घ्यावाच लागतो. शेजारी, देवळातली मंडळी, शाळेच्या फाटकावर भेटणारे पालक यांच्याशी आत्ताच बोला, कारण सह्या गोळा करायला वेळ लागतो.

आणखी एक, घरात कुणी लॉफ्ट किंवा मागची खोली वाढवली असेल तर परवानगीचं पत्र आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला आजच उतरवून ठेवा. दुसऱ्या काउंटीतल्या माझ्या मैत्रिणीला घर विकताना तो दाखला हवा होता. जुनी वेबसाइट बंद झालेली, नव्या कार्यालयात फाइल सापडेना, तीन आठवडे वकिलाचे फोन. शेवटी तिच्या नवऱ्याच्या जुन्या ईमेलमध्ये प्रत मिळाली.

तुम्ही लिहिलंय की आम्ही व्हिसावर आहोत, आम्हाला कोण विचारतं. असं नाही. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे इथे वैध व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. अर्जावरची सहीसुद्धा मतदार म्हणूनच धरली जाते. त्यासाठी मतदार यादीत नाव हवं, नोंदणी ऑनलाइन होते आणि दहा मिनिटांचं काम आहे. मतदानाला जाताना फोटोचं ओळखपत्र लागतं, त्याला आपला भारतीय पासपोर्ट चालतो. दोघांचीही नावं घाला. अडलं तर इथेच विचारा, मी रात्री बघते.