आखूड नळी आणि रोह्याएवढं जनावर

चि. लेकरास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. नामिबियात तुमच्या सोलर प्लांटशेजारच्या फार्मवाल्यानं तुला कुडूच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला बोलावलंय. रायफल त्याचीच, .३०८ ची (हा आकडा गोळीच्या इंचातल्या जाडीचा), पण नळी सोळा इंचांची. "काका, एवढ्या आखूड नळीनं एवढं मोठं जनावर पडेल का?" असं विचारलंस. पडेल. किती अंतरावरून पडेल, ते मात्र तू विचारलं नाहीस, आणि सगळा प्रश्न तिथंच आहे.

बारूद गोळीला ढकलते ती गोळी नळीत असेपर्यंतच. १५० ग्रेनची, म्हणजे जवळपास दहा ग्रॅमची, गोळी चोवीस इंची नळीतून सेकंदाला साधारण ८६० मीटर वेगानं निघते. नळीचा एकेक इंच कमी झाला की सहा ते आठ मीटर जातात. म्हणजे तुझ्या रायफलीतून ती ८०० च्या आसपास निघेल. आकडा ऐकून फारसं काही गेलं असं वाटत नाही. पण शिकारीची गोळी अंगात शिरल्यावर फुलली पाहिजे, आणि त्यासाठी बहुतेक गोळ्यांना ५५० मीटरच्या आसपास वेग लागतो. लांब नळीच्या गोळीत तेवढा वेग जिथपर्यंत टिकतो, त्याच्या सत्तर-नव्वद मीटर अलीकडेच तुझ्या गोळीत तो संपेल. त्याच्या पुढं गेलेली गोळी दाभणासारखी आरपार निघते आणि जनावर जखम घेऊन पळतं.

आखूड नळीचा नेम चुकतो असं तुला कुणी सांगेल. पलटणीत मी बरीच वर्षं पोरांना फायरिंग शिकवलं, म्हणून सांगतो, ते खरं नाही. आखूड नळी उलट ताठ असते, झुडपात आणि जीपमध्ये सोयीची पडते, आणि पुढं सायलेन्सर लावला तरी बंदूक फार लांब होत नाही. तिकडं सायलेन्सर सर्रास वापरतात. तरीसुद्धा कानात बोळे घाल. आखूड नळीचा धमाका आपल्या चेहऱ्याच्या जास्त जवळ होतो आणि गेलेला कान परत येत नाही. माझा उजवा कान तसाच गेला.

तिथला कायदाही बघून घे. नामिबियात कुडूसाठी गोळीची ताकद नळीच्या तोंडाशी निदान २,७०० ज्यूल लागते. तुझी सोळा इंची ३,१०० च्या आसपास देईल, चिंता नाही. पण फार्मवाला कधी रेड्याच्या शिकारीला चल म्हणाला तर थांब. रानरेड्याला ५,४०० ज्यूल लागतात. .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी चोवीस इंचांतून ५,७०० ला पोचते, तीच वीस इंचांतून माझ्या हिशेबानं ५,४०० च्या खाली येते. काडतूस तेच, पण नळी चार इंचांनी कमी झाली की ते कायद्यात बसत नाही. आणि सुट्टीला गावाकडं आलास की हे डोक्यात ठेवून येऊ नकोस. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे, आणि परवान्याशिवाय बंदुकीची नळी कापणं हाही १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे.

आता माझं सांगतो. रानडुकरांनी तूर पार आडवी केली होती, तेव्हा वनखात्याच्या लेखी परवान्यावर मी धुऱ्यावर बसलो होतो. दिवस मावळला होता. मोठा नर पार पलीकडच्या धुऱ्याला दिसला. जवळ येईपर्यंत थांबायला हवं होतं, पण अंधार पडेल म्हणून मी घोडा दाबला. नर बसला, उठला आणि उसात शिरला. बॅटरी घेऊन गेलो तर तुरीच्या पानावर रक्त काळपट होतं, त्यात हिरवट पाणी, आणि वास शेणासारखा. पोटात लागली होती. उसात रात्री घुसणं म्हणजे मरण, म्हणून सकाळी गेलो. पाटाच्या पाण्यात तोंड घालून पडलेला सापडला. अंग अजून कोमट होतं, म्हणजे जवळजवळ रात्रभर जिवंत होता. ते कोमट अंग माझ्या हाताला अजून आठवतं.

म्हणून तुला दीडशे मीटरच्या पुढं गोळी सोडायची नाही. गोळी तिथून पुढंही चालेल, पण तू नवा आहेस. कुडूचा नर आपल्या रोह्याएवढा, म्हणजे नीलगायीएवढा, दोन-अडीच क्विंटलचा, आणि खूप चिवट. तो आडवा उभा राहीपर्यंत थांब. पुढच्या पायाच्या रेषेत वर जा आणि अंगाच्या खालच्या एक तृतीयांशावर नेम धर. रायफल तिकाटण्यावर टेकव, नुसत्या हातावर धरू नको. बार झाला की लगेच धावू नको. जनावर कुठं उभं होतं ते झाड ध्यानात ठेव, अर्धा तास बस, मग जा. रक्त गुलाबी आणि फेसाळ असलं तर फुप्फुसात लागलीय, जवळच सापडेल. काळपट दिसलं तर आणखी थांब, आणि फार्मवाल्याच्या मागकाढ्याला पुढं घाल. ती माणसं वाळलेल्या गवतातसुद्धा माग काढतात.

जायच्या आधी त्याच रायफलीतनं, त्याच काडतुसांनी, शंभर आणि दीडशे मीटरवर वीस तरी गोळ्या मार. फार्मवाल्याकडं वेग मोजायचं यंत्र असेल तर पाच गोळ्यांचे आकडे लिहून फोनवर पाठव. काडतुसाच्या डब्यावरचे आकडे नकोत, ते बहुधा लांब नळीचे असतात. मी इथं वहीत हिशेब मांडून तुझं अंतर कळवतो.

तुझा
काका