पंचेचाळीस तासांनी आलेलं उत्तर

प्रश्न : माझा फोन तीन वर्षांत म्हातारा होतो आणि कंपनी सांगते, नवा घ्या. मग १९७७ साली अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर-१ यानाचा संगणक बिघडल्यावर तो २०२४ मध्ये दुरुस्त झालाच कसा? तिथे कोण गेलं होतं?

उत्तर : कोणी गेलं नव्हतं. यान तेव्हा २,४०० कोटी किलोमीटरवर होतं. इथून निघालेली आज्ञा तिथे पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. म्हणजे एकदा बटण दाबलं की जवळजवळ दोन दिवस नुसतं बसून राहायचं.

नोव्हेंबर २०२३ पासून यान बरळायला लागलं होतं. सिग्नल येत होता, आज्ञा पोचत होत्या, पण माहितीच्या जागी शून्य आणि एकचा तोच तोच नमुना. संशय गेला तो मोजमापांची गाठोडी बांधणाऱ्या संगणकावर. १ मार्च २०२४ ला त्याला एक टोचणी दिली गेली : नेहमीचा रस्ता सोड, दुसऱ्या वाटेने चालून बघ. ३ मार्चला जे आलं ते वेगळं दिसत होतं. ते उलगडायला आणखी आठवडा लागला आणि निघालं काय, तर त्या संगणकाची आख्खी मेमरी! ती जुन्या नोंदीशी ताडून पाहिल्यावर सापडलं की एक चिप गेली आहे आणि सुमारे तीन टक्के मेमरी नासली आहे.

चिप बदलणं शक्य नव्हतं. तिच्यातला प्रोग्राम दुसरीकडे हलवायचा, तर तो सगळा मावेल अशी एकही सलग जागा नाही. यानावरच्या सगळ्या संगणकांची मेमरी मिळून ७० किलोबाइटच्या आसपास! मग तुकडे केले आणि जिथे फट दिसली तिथे कोंबले.

खरी मेख पुढेच आहे. मी नोकरीच्या सुरुवातीला यंत्रांच्या कंट्रोलरचे प्रोग्राम लिहीत असे. दोन किलोबाइट मेमरी, चौकटीची वही, पेन्सिल. एक तुकडा हलवला की 'आता मेमरीतल्या अमुक पत्त्यावर जा' असं जिथे जिथे लिहिलंय, तिथला पत्ता खोडून नवा लिहायचा. एकदा एकच पत्ता खोडायचा राहिला आणि यंत्राचा हात वर गेला तो वरच राहिला. मला धावत जाऊन लाल बटण दाबता आलं. व्हॉयेजरवाल्यांना ती सोय नाही. त्यांनी १८ एप्रिलला पहिला तुकडा पाठवला आणि २० तारखेला, पाच महिन्यांत पहिल्यांदा, यानाने आपली प्रकृती नीट शब्दांत सांगितली. यानावर तेव्हा चालू असलेली चारही उपकरणं जूनपर्यंत पुन्हा कामाला लागली.

राहिला तुमचा फोन. त्याची मेमरी व्हॉयेजरच्या लाखपट आहे. त्याचा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलेला माणूस कंपनीतही सापडायचा नाही. शिवाय कंपनीची डिजिटल सही नसलेली यंत्रणा बहुतेक फोन सुरूच करत नाहीत. चोरापासून संरक्षण म्हणून ते ठीक, पण कंपनीने अपडेट थांबवले की धडधाकट फोनही अडगळीत. आणि हो, म्हातारा झाला म्हणता तो बऱ्याचदा फोन नसतो, त्याची बॅटरी असते. नवा घेण्याआधी ती बदलून बघा.

प्रश्न : अवकाशात हवा नाही, मग व्हॉयेजरने 'रेकॉर्ड केलेला आवाज' ऐकवतात तो खोटा का?

उत्तर : खोटा नाही, पण यानावर मायक्रोफोनही नाही. मार्च २०१२ मध्ये सूर्यावर झालेल्या उद्रेकाची लाट वर्षभराने यानापर्यंत पोचली आणि भोवतालचा विद्युतभारित वायू थरथरू लागला. ही थरथर अँटेनाने टिपली. तिची कंपनं सेकंदाला दोन-तीन हजार, म्हणजे योगायोगाने आपल्या कानाच्या टप्प्यातली. ती स्पीकरला जोडली की शिटी ऐकू येते. वायू जितका दाट, तितकी शिटी चढी; आणि सूर्याच्या वाऱ्याच्या हद्दीबाहेर तो जास्त दाट असतो. त्या पट्टीवरूनच कळलं की यान ऑगस्ट २०१२ मध्येच सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून गेलं होतं.