नैरोबीला मुलांच्या कामासाठी यायचं म्हणताय, तर...

ख्रिस्तात सलाम, ताई.

तुमचा प्रश्न वाचला. बी.एड. झालंय, नगरला शिकवताय, आणि आता नोकरी सोडून नैरोबीतल्या एका ख्रिस्ती बालगृहात दोन वर्षं मुलांची आई होऊन राहायचं मनात आहे. व्हिसा कोणता, पैसे किती, भीती कितपत, असं विचारलंत. मी बरीच वर्षं इथे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या कामात आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. जरूर या, पण बालगृहात नको.

इथल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील, नाहीतर एखादी आजी तरी हयात असते. मूल तिथे पोचतं ते गरिबीपायी. 2003 पासून सरकारी प्राथमिक शाळेला फी नाही, तरी गणवेश, काळे बूट, वह्या यांचा खर्च सुटत नाही. मुकुरू, मथारेसारख्या वस्त्यांत तर सरकारी शाळाच अपुऱ्या. आईला वाटतं, तिकडे लेकरू निदान पोटभर जेवेल. केनिया सरकारने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि 2022 मध्ये मुलांना टप्प्याटप्प्याने कुटुंबात परत नेण्याचं दहा वर्षांचं धोरण आणलं. मला ते मनापासून पटतं.

तुम्ही पंडिता रमाबाईंचा दाखला दिलात. मुक्ती मिशनबद्दल मलाही तेवढाच आदर आहे. पण 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी ज्या मुली केडगावला आणल्या, त्यांतल्या कित्येकींना परत जायला घरच उरलं नव्हतं. इथे आई चार गल्ल्या पलीकडे लोकांचे कपडे धुवून पोट भरत असते. शिवाय दोन वर्षांनी तुम्ही निघणार. तुमच्या आधी कुणी गेलेली असते, तुमच्यानंतर कुणी येते, आणि दर वेळी लळा लावून घेणारं मूल तेच असतं.

त्यापेक्षा मंडळीच्या दिवसाच्या शाळेत या. मुकुरूत सिस्टर्स ऑफ मर्सी या कॅथलिक संघाच्या भगिनी 1980 च्या दशकापासून काम करताहेत, तशा शाळा आधी पाहा. छोट्या शाळांत वर्ग पत्र्याचे. पाऊस सुरू झाला की शिक्षिकेचा आवाजच ऐकू येत नाही, मग ती फळ्यावर लिहिते आणि मुलं बघून उतरवून घेतात. सकाळी उजी, म्हणजे पातळ पेज. दुपारी गिथेरी, मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला. एखादी मुलगी अर्धं खाऊन उरलेलं डब्यात भरते. घरी धाकटा भाऊ असतो. तो डबा बघून त्या घरी जायचं, आईला भाजीच्या धंद्यासाठी थोडं भांडवल द्यायचं, थकलेलं भाडं भरायचं. खरं काम हे आहे. मोठं मन लागतं ते याला, कारण याचे फोटो निघत नाहीत आणि देणगीदारांना दाखवायला फारसं काही हाती येत नाही.

आता कागदपत्रं. ईटीए, म्हणजे ऑनलाइन मिळणारी प्रवासाची परवानगी, ती थोड्या दिवसांच्या भेटीपुरती असते. बिनपगारी सेवासुद्धा त्यावर करू नका. धर्मादाय कामाचा परवाना 'क्लास आय', आणि तो नोंदणीकृत संस्थेमार्फतच मागायचा. वर्गात शिकवायचं तर इथल्या टीचर्स सर्व्हिस कमिशनकडे नोंदणी लागते. भारतातून पोलिसांचा दाखला आणा. तो न मागता मुलांजवळ जाऊ देणाऱ्या संस्थेपासून लांबच राहा. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच आणि निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्या. कार्ड जपून ठेवा, परतताना भारतात त्यावाचून अडवतात.

पगार धरूच नका. आरोग्य विमा आणि परतीच्या तिकिटाचे पैसे निघण्याआधीच बाजूला काढा. भाडं, भाजी सगळं एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे देऊन चालतं. अंधार पडल्यावर पायी फिरू नका, मटाटूत, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसमध्ये, फोन हातात धरू नका. एवढं सांभाळलंत तर भिण्यासारखं फारसं नाही. नैरोबी उंचावर आहे, जुलैत स्वेटर लागतो. स्वाहिली मात्र आजपासूनच सुरू करा. मुलं इंग्रजी शिकतात, पण आयांशी बोलायला तीच लागेल.

शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्या बेताने या. ज्या बालगृहाशी तुमचं बोलणं चाललंय, त्यांना आधी विचारा: गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली आणि ती आता कशी आहेत, हे कोण बघतं? उत्तर आलं की मला कळवा, पुढचं आपण मिळून ठरवू.