पाय जमीन सोडेना तेव्हा

प्रिय बाय,

परवा फोनवर मी फारसं काही बोललो नाही. तू रडत होतीस, आणि रडणाऱ्या माणसाला तंत्र सांगून उपयोग नसतो. म्हणून आज सवडीनं लिहितोय.

तीन आठवडे झाले म्हणतेस. पोल व्हॉल्टचा रन-अप नीट होतो, पोल खाली येतो आणि बॉक्सच्या, म्हणजे पोल टेकवायच्या खाचेच्या तोंडाशी आलं की टेकऑफच होत नाही, तू पोल घेऊन तशीच मॅटवर पळत जातेस. दिवसाला पंधरा-वीस वेळा. त्यात कुणीतरी ‘हिची डेअरिंग संपली’ म्हणालं आणि ते तू मनाला लावून घेतलंस. ते आधी डोक्यातून काढून टाक. डेअरिंगचा इथे काही संबंध नाही. हे मी स्वतःच्या पाठीवर शिकलोय.

मी दहावीत असताना आमच्याकडे फायबरचा पोल नव्हता. परसातला चिवा तोडायचा, पेरं तासायची, सावलीत वाळवायचा आणि त्यावर बांबू उडी. पडायला वाळू आणि भाताचा पेंढा. एका उडीत बांबू मधोमध तडकला आणि मी खड्ड्याच्या जांभ्याच्या कडेवर पाठीवर आपटलो. हाड मोडलं नाही, आठ दिवसांत मी उभा राहिलो. पण पुढचा सगळा हिवाळा मी धावायचो आणि थांबायचो. आमचे तेव्हाचे शिक्षक सगळ्या पोरांसमोर ओरडायचे. त्या ओरडण्यानं मी आणखी जोरात धावायला लागलो आणि तेवढ्याच जोरात थांबायला लागलो. आज वाटतं, त्या हिवाळ्यात मी उडीचा नाही, थांबण्याचाच सराव केला. रोज, मन लावून.

तुझंही तेच चाललंय. प्रत्येक वेळी तू बॉक्सपाशी सोडून देतेस तेव्हा शरीर एकच गोष्ट घोकतं: इथे आलं की सोडायचं. म्हणून आजपासून पूर्ण रन-अप बंद. दोनदा सोडलंस की त्या दिवशी त्या लांबीचा रन-अप पुन्हा घ्यायचा नाही. तिसऱ्यांदा ‘या वेळी नक्की’ म्हणून धावायचं नाही. तो हट्ट मला तुझ्यात दिसतो आणि एरवी मला तो फार आवडतो, पण इथे तोच तुला बुडवतोय.

आता शरीर नकार का देतं, ते बघ. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा त्याला कारण असतं. तू उजव्या हाताची, म्हणजे टेकऑफच्या क्षणी डावा पाय वरच्या उजव्या हाताच्या बरोबर खाली हवा. तो पाऊलभर जरी आत, बॉक्सकडे पडला, तरी पोल बॉक्समध्ये टेकताच खांद्याला हिसका बसतो आणि उडी वर जाण्याऐवजी मागे खेचली जाते. असे चार-पाच हिसके बसले की शरीर ठरवून टाकतं, आणि तुला न विचारता ठरवतं. तुझा पाय आत येतोय अशी मला दाट शंका आहे. गेल्या महिन्यात तू ग्रिप, म्हणजे पोलवरची हातांची पकड, वर नेलीस, पोल कडक घेतलास, आणि एप्रिलपासून सराव संध्याकाळचा केलास. दुपारनंतर आपल्याकडे खारा वारा सुटतो. मागून वारा असला की पावलं लांबतात आणि पाय आत जातो, समोरून असला की पाय बॉक्सपासून लांब पडतो. सकाळच्या शांत हवेत घेतलेली रन-अपची खूण संध्याकाळी खोटी ठरते. कुणालातरी टेकऑफपाशी उभं कर आणि खडूनं पाऊल टिपायला सांग. मैत्रीण चालेल, धाकटा भाऊही चालेल. त्यानं फक्त खूण करायची, बोलायचं काही नाही.

वाऱ्यापुढे मोठमोठे थांबलेत. फाबियाना मुरेर ही ब्राझीलची खेळाडू २०११ची जगज्जेती. पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत ती वाऱ्यामुळे शेवटच्या प्रयत्नात धावून थांबली आणि बाहेर पडली. रशियाच्या येलेना इसिनबायेवाला २००९च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत एकही उंची पार करता आली नाही, आणि ११ दिवसांनी झुरिचमध्ये तिनं ५.०६ मीटरचा जागतिक विक्रम केला. ११ दिवसांत धाडस जन्माला येत नाही गं. ते तिच्याकडे होतंच.

तर असं कर. आठवडाभर फक्त चार पावलांचा रन-अप. ग्रिप चांगली दीड-दोन वीत खाली, पोल मऊ, बार नाही, त्याच्या जागी बांधतो ते इलॅस्टिकही नाही. धावायचं, प्लँट करायचा, म्हणजे हात वर नेत पोल बॉक्समध्ये टेकवायचा, जमीन सोडायची आणि मॅटवर पायांवर उतरायचं. उंचीचं नाव काढायचं नाही. सलग दहा वेळा विनासायास जमीन सुटली की सहा पावलं, मग आठ. आठवर अडलीस तर निमूट सहावर यायचं. त्यात कमीपणा नाही. डाव्या पावलांची उलटी मोजणी मोठ्यानं कर, अगदी रनवेवर लोक ऐकत असले तरी. मोजणारं तोंड असलं की घाबरायला डोक्याला जागा कमी उरते, हे मी अनेक मुलांत पाहिलंय.

आणि एक, भीती सगळी टाकून देऊ नकोस. बॉक्स २० सेंटिमीटर खोल, कडा कठीण. कमी वेगात पोल उभा न होता मागे आला तर पडायची जागा तीच. त्या भीतीला मान दे. प्लँट उशिरा झाला, हात वर पोचले नाहीत, असं वाटलं तर सोडून देणं हेच बरोबर आहे. मला नको आहे ते चांगल्या प्लँटनंतरचं सोडणं.

माझा पाय पुन्हा सुटला तो मैदानावर नाही, भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूत. ओहोटीला पाणी मागे गेलं की ओली वाळू घट्ट होते. मी एकटाच बारका बांबू घेऊन जायचो, चार पावलं धावून तो वाळूत रोवायचा आणि त्याच्या बाजूनं झुलत पलीकडे उतरायचं. बार नाही, बॉक्स नाही, बघणारं कुणी नाही. पंधरवड्यानं एका सकाळी लक्षात आलं की मी मोजायचंच विसरलोय.

येत्या रविवारी सकाळी ओहोटी आहे. सातला भाट्याला ये, बांबू मी आणतो. स्पाइक्स नकोत, अनवाणीच. खुणांची वही मात्र आण, एप्रिलपासूनची पानं मला बघायची आहेत. आईला सांग, न्याहारीला आमच्याकडेच थांबशील, काकू घावणे करणार आहे.

तुझे,
सर