दाखला नसलेली तीन वर्षं

"मॅडम, तीन वर्षं काम केलंय, पण अनुभवाचा दाखला न्हाई. बायोडाटात लिवू काय मग?"

बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या जॉबवर्कच्या, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांचे भाग घडवून देणाऱ्या, शेडमधून माझ्याकडे बायोडाटा घेऊन येणारी मुलं हमखास हेच विचारतात. हा खानापूर तालुक्यातला, आयटीआय टर्नर. नेमणूकपत्र नाही, पगार रोख. तेवीस ठिकाणी बायोडाटा दिला, एकही फोन नाही.

कागद पाहिला. झेरॉक्सच्या दुकानातला तयार नमुना. वर कुणाचं तरी उतरवलेलं इंग्रजी 'ऑब्जेक्टिव्ह', मग वडिलांचं नाव, धर्म, जात, छंद क्रिकेट. तीन वर्षांच्या कामाला दोनच शब्द : सीएनसी ऑपरेटर, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या मशीनचा कामगार.

मी कागद बाजूला ठेवला. "काल सकाळी कामावर गेल्यावर पहिल्यांदा काय केलंस?"

आधी बुजला, मग सांगत सुटला. मशीन पुसलं, तेल बघितलं, चकात (मशीनच्या पकडीत) जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, बांधला, ऑफसेट घेतला (हत्याराचं माप मशीनला दिलं), पहिला नग तपासला. "40 मिमीचा बोअर, म्हंजे आतलं भोक, फरक 20 मायक्रॉनच्या, म्हंजे 0.02 मिमीच्या, आत ठेवायला लागतंय. बोअर गेज आधी मायक्रोमीटरवर झिरो करून घ्यायचा, न्हाईतर अख्खा लॉट रिजेक्ट." शिफ्टला नग किती? "साठ-पासष्ट." नव्या पोरांना कोण शिकवतं? "मीच की ओ."

तो बोलत होता, मी लिहीत होते. ते बोलणं म्हणजेच बायोडाटा. जात-धर्म, वडिलांचं नाव आणि ते ऑब्जेक्टिव्ह काढून टाकलं, सगळं एका पानात बसलं.

भाषांमध्ये त्यानं कन्नड लिहिलंच नव्हतं. का? "लिवायला येत न्हाई." शेडमधल्या हेल्परांशी मात्र दिवसभर कन्नडच बोलतो! 'कन्नड : बोलता येते, लिहिता येत नाही' अशी ओळ घातली. सीमाभागातली आपली मुलं हे लपवतात याचं मला फार वाईट वाटतं. दोन्ही भाषांत माणसं सांभाळणारा ऑपरेटर इथल्या कारखान्यांना हवाच असतो.

राहिला दाखला. पीएफ कापला जात असेल तर पासबुकात कंपनीचं नाव आणि महिने दिसतात. याचा कापत नव्हते. मग मालकाकडे लेटरहेडवर दोन ओळी मागायच्या : कधीपासून, कोणत्या मशीनवर. त्यानं नाही दिल्या तरी काम लिहायचंच. मात्र शेजारच्या मशीनवरचं काम आपलं म्हणून लिहायचं नाही. मुलाखतीत मशीनसमोर उभं करून विचारतात.

निघताना सहज बायोडाटावरच्या नंबरला रिंग दिली. बंद. जुनं सिम, रिचार्ज न केल्यानं चार महिन्यांपूर्वीच गेलेलं. तेवीसही कागदांवर तोच नंबर होता. तो खुर्चीत परत बसला, बराच वेळ काही बोलला नाही.

तीन आठवड्यांनी आला. हत्तरगीच्या बाजूच्या कारखान्यात बोलावलं होतं. निकाल अजून कळलेला नव्हता. "सुपरवायझरनी बोअर कसा मोजतोस इचारलं, मॅडम. पंधरा मिंटं मीच बोलत हुतो."