वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यातले जुलाब, उन्हातलं बाळ

प्रश्न : आम्ही मळ्यात राहतो, पाणी विहिरीचं. मृगाचे दोन-चार पाऊस झाले की घरातल्या पोरांना जुलाब लागतात. विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) टाकतो, तरीही. सध्या दीड वर्षाच्या नातीला लागलेत. ओआरएस पाजलं तर उलट वाढले. काय चुकतंय?
— एक वाचक, ता. पलूस

उत्तर : बहुतेक माप चुकतंय, पुडीचंही आणि टीसीएलचंही.

ओआरएसची मोठी पुडी 1 लिटर पाण्याची असते. ती चिमूट-चिमूट पेल्यात कालवली की द्रावण दाट होतं, आणि दाट द्रावण आतड्यात आणखी पाणी ओढतं. म्हणून जुलाब वाढतात. अख्खी पुडी उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात एकदम विरघळवा, 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. दर पातळ शौचानंतर पाव ते अर्धा कप, चमच्यानं. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा, सावकाश. पुडी नसेल तर 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

सोबत झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, पूर्ण 14 दिवस. जुलाब थांबले की घरोघरी ती बंद होते. तसं करू नका. ओआरएस आणि झिंक दोन्ही आशाताईंकडे फुकट मिळतं. अंगावरचं दूध, मऊ वरणभात चालू ठेवा. जुलाब बांधणारी गोळी मात्र नको.

पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसली, डोळे खोल गेले, मूल मलूल झालं, पाणी पिईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

आता विहीर. 6 मीटर व्यासाच्या गोल विहिरीत 4 मीटर पाणी असेल तर ते सुमारे 1,13,000 लिटर भरतं. 1000 लिटरला 2.5 ग्रॅम धरलं तर टीसीएल लागते साधारण 280 ग्रॅम; मूठभर टाकून भागत नाही. पावडर बादलीत कालवा, 10 मिनिटं चुना खाली बसू द्या, वरची निवळी विहिरीत सोडून बादलीनं पाणी वरखाली करा आणि तासभर पाणी काढू नका. उघड्या पोत्यातली पावडर पावसाळी हवेत क्लोरीन गमावते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. गढूळ पाण्यात तर गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. ग्रामपंचायतीच्या पाणी कर्मचाऱ्याकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करून घ्या. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. कठडा नसेल आणि गोठ्याचं पाणी आत उतरत असेल, तर आधी ते वळवा. तोवर पोरांचं पिण्याचं पाणी उकळूनच द्या.

प्रश्न : कांदा काढणीला चार महिन्यांच्या बाळाला रानात न्यावं लागतं. उन्हात त्याला पाणी पाजावं का? सासूबाई पाज म्हणतात.
— एक वाचक, ता. खटाव

उत्तर : नको. सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही आईचंच दूध. त्यात बहुतांश पाणीच असतं. दूध जास्त वेळा पाजा आणि पाणी तुम्ही स्वतः भरपूर प्या. झोळी झाडाखाली बांधा, सावली सरकेल तशी हलवा. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ठेवू नका. झोळीवर जाड पदर किंवा चादर टाकली की वारा अडतो आणि आत उकाडा साठतो. पातळ सुती फडकं, तेही एक बाजू उघडी ठेवून. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर दवाखान्यात दाखवा. अंग तापलं आणि बाळ सुस्त पडलं तर तापाच्या औषधावर विसंबू नका, ऊन लागल्यावर ते काम करत नाही. कपडे काढा, ओल्या फडक्यानं अंग पुसत वारा घाला आणि तसंच करत दवाखान्यात न्या.